तळमजल्यावर राहतो म्हणून पंपाचे पैसे द्यायचे नाहीत?

आज सकाळी साडेसहाला जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू दिसल्या. सत्तरी कधीच ओलांडलीये, दोन्ही गुडघे गेलेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसल्या होत्या, शेजारी भरलेली बादली. मी बादली उचलली तेव्हा त्यांच्या तळहातावर कडीचा लालभडक वळ दिसला. "पंप कधी सुरू होईल गं?" एवढंच विचारलं त्यांनी. मला काही बोलताच आलं नाही.

मोटर परवा रात्री जळली. वाइंडिंगसकट सगळे मिळून अकरा हजार सांगितलेत. सोसायटीच्या खात्यात नऊ हजारांच्या आसपास, त्यातून जिन्याचं वीजबिल जायचंय. आणि मेन्टेनन्सची थकबाकी एक लाख चाळीस हजार! बत्तीस घरांपैकी फक्त सात घरांची.

काल रात्री त्यातल्या एकांकडे गेले. तळमजल्यावरचे काका. म्हणाले, "आमच्या नळाला सकाळी खालूनच पाणी येतं. पंप वरच्यांना लागतो, वरच्यांनी बघावं."

अहो काका, मग गच्ची वरच्यांची आणि पाया एकट्या तुमचा का? उद्या खालचा पिलर तडकला तर एकटे बांधून घेणार आहात? सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय: वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे हा खर्च सगळ्यांना सारखा. जिथे लिफ्ट आहे तिथे ती न वापरणाऱ्यालाही तिचा खर्च चुकत नाही. गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर दुरुस्ती सोसायटीची, वरच्या घराची नाही.

आम्ही म्हाडाचे भाडेकरू होतो तेव्हा काही बिघडलं की अर्ज टाकायचा आणि वाट बघायची. मग घरं नावावर झाली, सोसायटी झाली, अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. पण नावावर झालं ते फक्त दाराच्या आतलं, असंच लोक धरून बसलेत. जिना, टाकी, गटार कुणाचं? कुणाचंच नाही!

सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. आमच्या इमारतीचा बांधकाम खर्च त्या जुन्या काळातला. त्याच्या पाव टक्क्यात आज प्लंबर दारात उभा राहत नाही. सभेत रक्कम वाढवायचा विषय काढला की विरोधाला पहिला हात याच सात घरांचा.

हो, मागच्या एका कमिटीने दोन वर्षं हिशेब दाखवला नव्हता, मान्य. मग सभेत उभे राहा, वह्या मागा, ऑडिटरला विचारा. काकूंना बादली घेऊन चार मजले चढायला लावणं हा कुठला निषेध?

सातातल्या एका घराबद्दल मात्र माझ्या मनात काही नाही. कमावता मुलगा वर्षभर घरी बसलाय. त्याची आई स्वतः येऊन सांगून गेली, जमेल तसे पाचशे-पाचशे देते. अडचण कुणाला नसते? तोंड उघडून सांगा, आपण सांभाळून घेऊ. इतकी वर्षं तेच तर करत आलो.

लोक म्हणतात, कायदा आहे ना. आहे. सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली सहकार निबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा हुकूम, मिळतो, पुढे जप्तीही येते. सेक्रेटरी म्हणून अर्जावर सही माझीच लागेल. पण तळमजल्यावरच्या याच काकांनी माझ्या बाबांना खांदा दिलाय. पावसात, अनवाणी. त्यांच्या दारावर जप्ती कशी आणू मी?

आणि नाही आणली तर काकूंना काय सांगू?

काकूंचा मेन्टेनन्स दर महिन्याच्या एक तारखेला येतो. पाकिटात, सुट्ट्या पैशांसकट, वर खोली नंबर लिहून. पेन्शन नाही, पापड-लोणच्यावर घर चालतं. आजवर एक महिना चुकलेला नाही.

मघाशी पुन्हा चार जिने उतरून आल्या. पाचशेची नोट पुढे केली, "मोटरला घे, बाकीचं बघू." नको नको म्हणत होते तर टेबलावर ठेवून गेल्या. पावती फाडायला हात होत नाहीये. उद्या सकाळी ही नोट घेऊन तळमजल्यावर जाणार आहे.