समिती, चहा-बिस्किटं आणि ते ४५ दिवस

मार्च जवळ आला की आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: "संसदेच्या लघुउद्योग समितीने ४५ दिवसांचा कायदा आणून छोट्या कारखानदाराचं कंबरडं मोडलं. या समितीत खासदार चहा-बिस्किटं खातात आणि सह्या करून उठतात. आजवर एकाही अहवालाचं काही झालेलं नाही. अमेरिकेत लघुउद्योगांची स्वतंत्र समिती आहे, आपल्याला कोणी वाली नाही. पटलं तर पुढे पाठवा."

म्हणजे समिती देशाला कायदा लावण्याइतकी जबरदस्त, आणि त्याच वेळी चहा पिऊन उठण्याइतकी निकामी. एकाच मजकुरात हे दोन्ही कसं बसलं, हा प्रश्न पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणाला पडलेला दिसत नाही. मी दोन लेथ आणि एका व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉबवर्क करणारा माणूस. संसदेच्या कामकाजाशी माझा संबंध एवढाच, की एका मोठ्या गिऱ्हाईक पार्टीकडे पैसे अडकले आणि ते कसे काढायचे हे शोधताना हे सगळे कागद वाचावे लागले.

पहिली गोष्ट ४५ दिवसांची, म्हणजे छोट्या उद्योगाकडून माल घेणाऱ्याने त्याचे पैसे किती दिवसांत चुकते करायचे याची, आणि तिथेच मजकुराचा पाया ढासळतो. ४५ दिवस काल-परवा आलेले नाहीत. ते सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ मध्ये आहेत. तिथेही ४५ ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मुदत नाही. लेखी करार असेल तर त्यातली तारीख, पण ती ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५च दिवस. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा व्यवहार तोंडी चालतो, त्यामुळे त्यांना लागू होणारी मुदत १५ दिवसांची आहे. पण ग्रुपवर ती कुणी सांगत नाही. मुदत उलटली की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लागतं. मागतं का कुणी? पुढची ऑर्डर हवी असते ना.

२०२३ मध्ये जे नवं आलं ते प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४३बी (एच). मुदतीत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. २०२३-२४ च्या हिशेबापासून ते लागू झालं आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या सीए मंडळींचे फोन तापले. हे कलम आलं वित्त विधेयकातून, म्हणजे अर्थसंकल्पासोबत. आणि वित्त विधेयक विभागवार स्थायी समित्यांकडे, म्हणजे एकेका मंत्रालयाचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्यांकडे, जात नाही. ते लोकसभेने २४ मार्च २०२३ ला गदारोळात मंजूर केलं. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चाच्या मागण्या, चर्चा न होताच एकगठ्ठा मंजूर झाल्या होत्या.

थोडक्यात, ज्या कलमासाठी समितीला शिव्या पडताहेत ते कलम समितीच्या टेबलावर कधी आलंच नाही. आलं असतं तर कदाचित कुणीतरी विचारलं असतं, की हे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलंत, तर मोठा खरेदीदार आपली ऑर्डर मध्यम उद्योगाकडे किंवा उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नसलेल्याकडे वळवणार नाही का? आमच्या ओळखीच्या दोघांना खरेदी विभागातून तोंडी सांगण्यात आलं, "नोंदणी काढून टाका, मग बघू." हा प्रश्न बंद खोलीत सचिवांना विचारण्यासाठीच तर अशा समित्या असतात.

कंबरडं मोडल्याची तक्रार मात्र मी सरसकट खोटी म्हणणार नाही. माल विकताना मी पुरवठादार असतो, पण हीट ट्रीटमेंटवाला आणि प्लेटिंगवाला माझ्याकडून पैसे मागतो तेव्हा मीच खरेदीदार. वरच्या पार्टीने मला ९० दिवस लटकवलं आणि मी खालच्याला ४५ दिवसांत द्यायचे, तर मधली ओढाताण माझीच. कापडाच्या धंद्यात उधारीच्या मुदती परंपरेने लांब, तिथे ती आणखी जास्त. ही तक्रार खरी आहे, फक्त पत्ता चुकीचा आहे.

आता "एकाही अहवालाचं काही झालं नाही". हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण याचा उलट पुरावा आमच्या रोजच्या वापरात आहे.

फॅक्टरिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. पार्टीवर काढलेलं बिल एखाद्या वित्तसंस्थेला सवलतीत विकायचं, आपले पैसे लगेच घ्यायचे, पुढे पार्टीकडून वसुली ती संस्था करते. २०११ च्या कायद्यात अट अशी होती की फॅक्टरिंग हा ज्यांचा मुख्य धंदा आहे त्याच बिगरबँक वित्तसंस्थांना हे करता येईल. अशा संस्था देशात होत्या सात. सात! सप्टेंबर २०२० मध्ये ही अट काढणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं आणि अर्थविषयक स्थायी समितीकडे गेलं. जयंत सिन्हा अध्यक्ष होते. समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला, सरकारने तिच्या सूचना घेऊन विधेयकात बदल केले आणि जुलै २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. या धंद्याचं दार हजारो वित्तसंस्थांना उघडलं. बिलावर उचल घेताना आज जे पर्याय दिसतात त्यामागे हे आहे.

त्याच समितीने एप्रिल २०२२ मध्ये लघुउद्योगांच्या कर्जपुरवठ्यावर ४६वा अहवाल दिला. किसान क्रेडिट कार्डाच्या धर्तीवर छोट्या धंदेवाल्यांना 'व्यापार क्रेडिट कार्ड' द्या, अशी त्यात शिफारस होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डाची घोषणा झाली, पहिल्या वर्षी १० लाख कार्डं. श्रेय कुणाचं याचा वाद मी घालत नाही, आणि कार्ड प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडलं हा वेगळा हिशेब. पण "रद्दीत गेला" असं त्या अहवालाबद्दल म्हणता येणार नाही.

खुद्द २००६ चा कायदासुद्धा २००५ मध्ये 'लघु आणि मध्यम उद्योग विकास विधेयक' या नावाने आला होता. तो उद्योगविषयक स्थायी समितीकडे गेला, आणि मंजूर झाला तेव्हा नावात 'सूक्ष्म' सगळ्यात पुढे होता.

शिफारसी सरकारवर बंधनकारक नसतात, हे मान्य. पण सरकारला गप्पही बसता येत नाही. साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि मग समिती त्यावर दुसरा अहवाल काढते, कृती अहवाल. त्यात वर्गवारी असते: सरकारने मान्य केलेल्या, उत्तर पटल्याने सोडून दिलेल्या, उत्तर न पटलेल्या आणि अंतिम उत्तर न आलेल्या शिफारसी. वेळ नसेल तर "उत्तर न पटलेल्या" हा भाग तेवढा वाचा. बाबू लोकांची "योजना विचाराधीन आहे" ही भाषा आणि त्यावर समितीचा वैतागलेला सूर, दोन्ही एकाच पानावर मिळतात.

चहा-बिस्किटांचं काय, ती असतात. उपस्थितीही कित्येकदा लाजिरवाणी असते, त्याची वकिली मी करणार नाही. पण बैठका बंद दाराआड होतात म्हणजे आत काही घडत नाही, हा निष्कर्ष उलटा आहे. कॅमेरा नसल्याने खासदाराला पक्षासाठी ओरडावं लागत नाही. एका समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य, सगळ्या पक्षांचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. जुलै २०२१ मध्ये उद्योगविषयक समितीने कोविडकाळातल्या लघुउद्योगांवर अहवाल दिला. अध्यक्ष तेलंगण राष्ट्र समितीचे के. केशवराव. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की सरकारचं पॅकेज अपुरं आहे, त्यात कर्ज आणि दीर्घकालीन उपायांवर भर आहे, हातात रोख पैसा येऊन मागणी वाढेल असं तातडीचं फार काही नाही. हातात ऑर्डर नसताना कर्ज घेऊन करायचं काय, हे तेव्हा आम्ही शेडच्या दारात बसून बोलत होतो. तेच सरकारी कागदावर वाचताना बरं वाटलं.

अमेरिकेचा मुद्दा लवकर आटोपतो. तिथल्या प्रतिनिधिगृहात लघुउद्योगांची वेगळी समिती आहे, सिनेटमध्येही आहे. पण कराचा विषय तिथेही दुसऱ्याच समितीकडे असतो आणि खर्चाची मंजुरी तिसरीकडे. आपल्याकडे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय हे अवजड उद्योग मंत्रालयासोबत राज्यसभेच्या उद्योगविषयक समितीच्या कक्षेत येतं. १८व्या लोकसभेच्या काळात तिचं अध्यक्षपद द्रमुकचे तिरुची शिवा यांच्याकडे, म्हणजे विरोधी पक्षाकडे, आलं. वाली नाही असं नाही; घरात मोठा भाऊही आहे आणि त्याच्याकडे जास्त लक्ष जातं, अशी तक्रार केली तर मी सही करीन.

रागवायचंच असेल तर खरं कारण वेगळं आहे, आणि ते त्या मजकुरात नाही. १५व्या लोकसभेत ७० टक्क्यांहून अधिक विधेयकं समित्यांकडे गेली होती. १६व्या लोकसभेत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास आलं, १७व्यात १६ टक्क्यांवर. समिती कामाची नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. तिच्यापर्यंत काम पोचू दिलं जात नाही.

एखादा विषय हाती घेतला की समिती जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. पुढची जाहिरात दिसली की मी एकाच गोष्टीवर लिहिणार आहे: जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची खरेदीदाराने काढलेली पावती. कायद्यात मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरायचा. पण प्रत्यक्षात माल गेटच्या आत जातो, चलनावर शिक्का मिळतो आणि जीआरएन तीन आठवड्यांनी निघतो. अकाउंट्सवाला दिवस मोजतो ते जीआरएनपासून. विचारलं तर म्हणतो, "सिस्टीमच तशी आहे." चलनावरची तारीख आणि जीआरएनची तारीख शेजारी छापण्याची सक्ती केली, तरी आमचे वीसेक दिवस वाचतील.

निवेदनाचा मसुदा ग्रुपवर टाक म्हणून दोघांनी आताच सांगितलंय. पण समितीकडे दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय धरलं जातं. त्यामुळे एकदा पाठवलं की ते काही पुढे पाठवता येणार नाही.