'हे अपग्रेड नव्हे, ही तर सर्व्हिसिंग': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे आणि वाचायला मजा आली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन ती उरकणं बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारवर कमी पैशांत काय काय करावं, या लेखात मी टायर, ब्रेक आणि अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवणं) पहिला नंबर दिला. तुमच्या मते हे अपग्रेड नाहीच, ही सर्व्हिसिंग. टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीला टायरच्या एका सेटपेक्षा कमी पैशांत रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) होतो आणि घसघशीत पॉवर मिळते, ती गोष्ट मी मुद्दाम शेवटी ढकलली. शिवाय इनटेक (इंजिनात हवा नेणारा वेगळा फिल्टर) आणि लोअरिंग स्प्रिंगची (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग) मी टिंगल केली. हजारो लोक लावतात ते काय वेडे आहेत?

आधी रिमॅप घेऊ, कारण तुमच्या म्हणण्यात सगळ्यात जास्त दम तिथेच आहे. टर्बो इंजिनात बूस्ट (हवेचा जादा दाब) किती द्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि कंपनी ते ठरवताना हलकं पेट्रोल, कडक ऊन, हलगर्जी मालक या सगळ्यांचा विचार करून हात राखून ठेवते. ती राखीव ताकद बाहेर काढली की वीस-पंचवीस टक्के वाढ मिळणं ही काही थाप नाही. बिनटर्बो इंजिनात तसं नसतं. तिथे हवा किती जाणार हे इंजिनाच्या सीसीवर आणि आरपीएमवर ठरतं, त्यामुळे नुसत्या रिमॅपने हाती लागतं ते किरकोळच. तेव्हा पैशामागे अश्वशक्ती हाच हिशोब असेल तर टर्बो गाडीत रिमॅपला तोड नाही. हे मी लेखातही लिहिलं होतं.

माझं भांडण आहे ते बिलाशी. रिमॅपचं बिल रिमॅपवर थांबत नाही. वाढलेला टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) पहिल्यांदा जाऊन आदळतो तो क्लचवर. मॅन्युअल गाडी असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा जोडीने चढले तर ठीक. आरपीएमचा काटा टुणकन वर उडाला, वेग होता तिथेच राहिला आणि मागाहून जळका वास आला, तर तुमचा क्लच आहे ती ताकदसुद्धा पेलत नाहीये. अशा गाडीत रिमॅप घालायचा म्हणजे नव्या क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायची तयारी ठेवायची.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. ट्रॅफिकमध्ये रांगत आलेल्या गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) आधीच तापलेला असतो. तुम्ही दोन-तीनदा जोरात खेचलीत की आत जाणारी हवा इतकी गरम होते की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतो. म्हणजे पैसे मोजून घेतलेली पॉवर नेमकी हवी तेव्हा गायब. मग मोठा इंटरकूलर, मग प्लग, आणि रिमॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असेल तर तेच पेट्रोल कायमचं. वॉरंटी आणि विमा कंपनीला कळवणं हे आणखी वेगळं. हे सगळं पेलत असेल तर जरूर करा, मी आडवा येणार नाही. पण 'टायरपेक्षा स्वस्त' हे पहिल्या दिवसापुरतंच खरं.

आता मुख्य आक्षेप, टायर म्हणजे सर्व्हिसिंग. झिजलेला टायर काढून तोच टायर घालणं ही सर्व्हिसिंग, मान्य. जात बदलणं ही सर्व्हिसिंग कशी? याचं उत्तम उदाहरण टोयोटा ८६. २०१२ साली ही गाडी आली ती मिशेलिन प्रायमसी एचपी टायर घालून. हाच टायर प्रियसच्याही काही आवृत्त्यांना मिळत होता. मायलेजसाठी ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीचा टायर स्पोर्ट्स कारला! हा कंजूषपणा नव्हता. बेताच्या वेगातही मागची बाजू सहज हलावी, चालवणाऱ्याला मजा यावी, म्हणून कमी पकडीचा टायर मुद्दाम निवडला होता. त्याच मापाचा चिकट टायर घातलात की बाकी एक नटही न फिरवता गाडीचा स्वभाव बदलतो. ब्रेकिंगचं अंतर कमी होतं, वळणातला वेग वाढतो, आणि तो सहज सरकण्याचा खट्याळपणा बराचसा जातो. काहींना तो खट्याळपणाच हवा असतो. त्यांनी टायर बदलू नये, असंही मी म्हणेन.

याच गाडीने तुमच्या बाजूचाही एक मुद्दा सिद्ध होतो, तो लपवत नाही. तिच्या दोन लिटरच्या बिनटर्बो इंजिनाचा टॉर्क साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान खड्ड्यात जातो. रोजच्या ओव्हरटेकिंगला लागणारी जागा नेमकी तीच. हेडर (इंजिनाला जोडलेले एक्झॉस्टचे पहिले पाइप) आणि त्याला जुळणारं ट्यूनिंग केलं की तो खड्डा बराचसा भरतो. कमाल अश्वशक्तीचा आकडा फारसा हलत नाही, तरी गाडी रोज वेगळी वाटते. तिथे मी इंजिनाचं काम बिनदिक्कत वरच्या नंबरावर घेईन. टोयोटानेही पुढच्या पिढीत २.४ लिटरचं इंजिन दिलं आणि कमाल टॉर्क सहा हजार चारशेच्या आसपासून ३७०० आरपीएमवर आणून ठेवला. मला पॉवरचं वावडं नाही. काटा जिथे दिवसभर फिरतो तिथे काय मिळतं, एवढंच मी विचारतो.

टायर निवडताना साइडवॉलवरचा ट्रेडवेअरचा आकडा (जितका मोठा, तितका टायर जास्त टिकतो) बघा, पण तो कंपनीने स्वतःच दिलेला असतो हे लक्षात ठेवून. दोन कंपन्यांची तुलना त्यावर काटेकोर होत नाही. दोनशेच्या आसपासचे टायर ट्रॅकवर भन्नाट असतात, पण रोजच्या वापरात लवकर संपतात, गुणगुणतात, आणि त्यातले काही साचलेल्या पाण्यात धडकी भरवतात. रोजच्या गाडीला मी तीनशेच्या आसपासचा चांगला समर टायर घेईन. तापमान ७ अंशांच्या खाली जाणारा हिवाळा असेल तर मात्र तो रबर कडक होतो, त्या महिन्यांसाठी वेगळा सेट लागतो.

अलाइनमेंटला तुम्ही 'गॅरेजवाल्याचा धंदा' म्हणालात. गाडी उभी करून टायरवरून तळहात आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत लागतंय आणि उलट फिरवताना करवतीसारखे दाते बोटांना अडतायत, तर तुमचा टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलाय आणि महागडा टायर रोज थोडा थोडा रस्त्यावर खरवडला जातोय. थोड्या जास्त निगेटिव्ह कॅम्बरपेक्षा (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) चुकीचा टो टायर कितीतरी लवकर खातो.

ब्रेकबद्दल तुम्ही मोठ्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाजू घेतलीत. तुमच्या आत्ताच्या ब्रेकने एबीएस लागत असेल तर अडतंय ते टायरपाशी. मोठ्या डिस्कने एका थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त वेळा पचवते, हा तिचा खरा उपयोग. घाटात लागोपाठ ब्रेक मारताना पेडल खोल जायला लागतं ते बहुतेकदा जुन्या ब्रेक ऑइलमुळे. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हीच किमान हमी १५५ वर येते. डॉट ५.१ मध्ये हे आकडे २६० आणि १८० आहेत. फक्त डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि रिमॅपनंतर हेच ब्रेक जास्त राबणार आहेत: वळणापाशी १०० ऐवजी १२० ने पोचलात तर ब्रेकला ४४ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. रेसिंगचे पॅड मात्र नकोत. सकाळच्या पहिल्या सिग्नलला ते थंड असतात आणि तेव्हा धरत नाहीत.

इनटेकचं थोडक्यात सांगतो. बहुतेक नव्या गाड्या पुढच्या जाळीमागूनच थंड हवा घेतात. तो फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला की तो इंजिनाची गरम हवा ओढतो. हवा ३० ऐवजी ६० अंशांची असली तर तिची घनता साधारण नऊ टक्क्यांनी घटते. आवाज झकास येतो, हे खरं. आवाजासाठी घेताय असं म्हणा, माझी तक्रार मिटली.

लोअरिंग स्प्रिंग वाईट नाहीत, जुन्या शॉकअपवर नुसत्या स्प्रिंग घालणं वाईट. शॉकअप त्या कडकपणासाठी बनलेला नसतो, आणि गाडी खाली बसल्यामुळे सस्पेन्शन थोडं दबलं की बंप स्टॉपवर (हालचाल अडवणारा रबराचा ठोकळा) जाऊन टेकतं. वळणाच्या मधोमध तसं झालं तर पकड एकदम सुटू शकते. करायचंच तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने करा, आणि स्पीडब्रेकर आठवून उंची ठरवा.

राहता राहिली तुमची गाडी. तुम्ही लिहिलंय की टर्बो आहे, सेकंडहँड घेतलीय आणि टायरची नक्षी 'अजून भरपूर' आहे. नक्षी भरपूर असूनही रबर म्हातारं झालेलं असू शकतं. साइडवॉलवर 'DOT' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शिक्क्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. कधीकधी ते टायरच्या आतल्या बाजूला असतात, तेव्हा वाकून बघावं लागेल. चारही टायरचे आकडे आणि क्लचच्या चाचणीत काय झालं ते इथे लिहा. क्लच धरत असेल तर कुठल्या पायरीचा रिमॅप झेपेल ते पुढच्या उत्तरात बघू.