‘भोक पाडलेला पाव’ म्हणणाऱ्या काकूंना

नमस्कार काकू,

काकू म्हणते, कारण ‘चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढली आहेत’ असं तुम्हीच लिहिलंय. नाताळच्या सकाळच्या डोनटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओव्हनमध्ये भाजला तो डोनट नव्हे, भोक पाडलेला पाव, तुमचे डोनट दुपारपर्यंत वातड झाले, कपाच्या मापांवर भरवसा ठेवता येत नाही, ‘कोमट दूध’ म्हणजे किती कोमट ते लिहिलेलं नाही. आणि शेवटी, ‘तिकडे गेलं की तळणाचाही कंटाळा येतो वाटतं.’

दुधाचं मान्य. ते लिहायला हवं होतं. ३८ ते ४० अंश, म्हणजे बोट बुडवलं तर ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतकं. दूध कढत असेल तर यीस्ट मरतं आणि पीठ फुगतच नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. कपांचं म्हणाल तर मैद्याचं वजन, ५०० ग्रॅम, तिथेच पहिल्या ओळीत दिलेलं आहे. वातडपणाबद्दल एवढंच सांगते की हे डोनट त्याच सकाळी संपवायचे असतात.

आता तो पाव.

इतिहास तुमच्या बाजूने आहे हे मला ठाऊक आहे. डच लोक हा पदार्थ अमेरिकेत घेऊन आले तेव्हा त्याच्या नावाचा अर्थच ‘तेलातला केक’ असा होता. पण त्या केकला भोक नव्हतं. भोकाचं श्रेय मेन राज्यातल्या हॅन्सन ग्रेगरी या खलाशाला देतात, साल १८४७. कडा तळून व्हायच्या आणि मधलं पीठ कच्चं राहायचं, म्हणून त्याने मधलं काढूनच टाकलं. एका खलाशाने आकार बदलला तरी डोनट डोनटच राहिला, आणि मी आच बदलली की त्याचा पाव होतो?

तुमच्या घरी गणपतीत मोदक होत असतील. उकडीचे आणि तळणीचे, दोन्ही मोदकच ना? पारी वेगळी, एक वाफेवर, एक तेलात, चव तर अगदीच निराळी. तरी तळणीच्या मोदकाला कोणी गोल करंजी म्हणत नाही. चिवडा भाजक्या पोह्यांचाही असतो आणि तळलेल्या पोह्यांचाही. आपल्या पदार्थांना हे स्वातंत्र्य आपण बिनबोभाट देतो. माझ्या ताटलीतल्या डोनटला मात्र परीक्षा.

तळलेल्या डोनटला मी कमी लेखलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, ऑक्टोबरात सायडर मिलवर, म्हणजे सफरचंदाचा रस काढतात त्या ठिकाणी, त्या रसाचे डोनट समोर तळून देतात. आम्ही थंडीत रांग लावून ते खातो. पण तो लेख सुट्टीच्या सकाळबद्दल होता, आणि तुम्ही तो भाग ओलांडून थेट कंटाळ्यावर आलात.

कंटाळा कसला असतो ते सांगते. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दसऱ्याला श्रीखंड-पुरी असायची. आई ओट्याशी, हातात झारा. गरम पुरी आधी आजोबांच्या पानात, मग बाबांच्या, मग आम्हा भावंडांच्या. ‘अजून एक वाढू?’ हे ती पाठमोरीच विचारायची. ती जेवायला बसायची तेव्हा तिच्या वाट्याच्या पुऱ्या चामट झालेल्या असायच्या आणि आम्ही हात धुऊन उठलेले असायचो. वर्षानुवर्षं हे चाललं. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

म्हणून मी चोवीस तारखेच्या रात्री पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी बोटभर जाड लाटून, कापून, तासभर फुगू देते. त्या तासात कोणालाही ओट्याशी थांबावं लागत नाही. मग १९० अंशाला आठ ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाहेर काढल्या काढल्या पातळ केलेल्या बटरमध्ये बुडवून दालचिनी-साखरेत घोळवायचे. एका वेळी बारा निघतात आणि सगळे एकदम टेबलावर येतात. कढई असती तर दोन-दोन, तीन-तीन करत कोणीतरी उभं राहिलं असतं, आणि ते कोणीतरी कोण असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका हिवाळ्यात आई इथे आली होती. पंचवीस तारखेच्या सकाळी शाल पांघरून ती टेबलाशी बसली आणि पहिला गरम डोनट तिने खाल्ला. आमच्या सगळ्यांच्या आधी. दुसरा मागून घेतला. त्याला पाव म्हणायचं की डोनट, हे तिने विचारलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. चाळीस वर्षं तळण केलेल्या बाईचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, हे मी मानते. पण पदार्थ फसला असेल तर फसला म्हणा, त्यावरून मी कुठे राहते आणि किती कष्टाळू आहे हे कशाला काढायचं? पुन्हा करून बघाल तर दहाव्या मिनिटाला ओव्हनमधून काढाच. आणि तो ‘कंटाळा’ शब्द मागे घेता आला तर घ्या.