रानपिंगळ्याचं खोटं लेबल आणि ड्रॉवरमधली खरी कातडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

महाविद्यालयांतले प्राणी-वनस्पतींचे जुने नमुने भंगारात काढू नयेत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा लांबीने लिहितो.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: हे संग्रह म्हणजे ब्रिटिश शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांचा साठा आहे. त्यांच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही, कारण माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाने रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या बाबतीत सगळ्या जगाला फसवलं. आज कॅमेरा आहे, डीएनए आहे, मोबाइलवर नोंदी होतात. मग विद्यार्थ्यांना डांबरगोळ्यांच्या वासात बसवण्यापेक्षा संगणकावर विदा (डेटा) हाताळायला शिकवा.

रानपिंगळ्याचं उदाहरण तुम्हीच काढलंत, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. माझ्या मते या वादातलं ते सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या निष्कर्षाच्या अगदी उलट आहे.

एफ. आर. ब्लेविट यांनी 1872 मध्ये मध्य भारतात हा पक्षी मिळवला आणि 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम.) पुढे खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या बाजूला आणखी काही पक्षी मिळवले. 1884 नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातड्या (कापूस भरून जपलेले पक्षी), एवढाच या पक्ष्याचा पुरावा उरला. त्यांतल्या एकीला रिचर्ड माइनर्ट्झहागेनचं लेबल होतं: ऑक्टोबर 1914, तापीकाठचं मांडवी, गुजरात. या एका चिठ्ठीमुळे पक्ष्याची शेवटची नोंद तीस वर्षं पुढे सरकली, त्याच्या प्रदेशाचा नकाशा बदलला आणि शोध घेणाऱ्यांची दिशाही चुकली.

इथपर्यंत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माइनर्ट्झहागेनने विज्ञानाचं जे नुकसान केलं त्याला क्षमा नाही. पण ही लबाडी उघडकीला कशी आली, ते तुमच्या प्रतिक्रियेत आलेलं नाही.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी ती कातडी पुन्हा हातात घेतली. तिचे एक्स-रे काढले, आतला कापूस आणि त्याचे तंतू तपासले, टाके आणि सांधे पाहिले. कातडी मऊ करून पुन्हा नव्याने भरल्याच्या खुणा सापडल्या. त्याखालची मूळ घडण डेव्हिडसनच्या हातची होती. त्याच्या इतर नमुन्यांशी ती जुळत होती. म्हणजे माइनर्ट्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातलाच डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता, नव्याने भरून त्याला स्वतःचं लेबल बांधलं होतं आणि तो स्वतःच्या संग्रहात ठेवला होता. हे सगळं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता विचार करा. त्याने 1914 मध्ये फक्त वहीत लिहून ठेवलं असतं, ‘मांडवीला रानपिंगळा पाहिला’, तर ते खोटं कशाच्या आधारावर पाडलं असतं? कागदावरची नोंद एक तर मानायची किंवा नाकारायची, तिसरी वाट नसते. इथे लेबल खोटं होतं, पण कातडी खरी होती आणि ती जपलेली होती. म्हणूनच शंभरेक वर्षांनी तिची उलटतपासणी घेता आली. मला या संग्रहांचं जे मोल वाटतं ते हेच: ज्याने नमुना गोळा केला त्याच्या शब्दावर आपण कायमचे अवलंबून राहत नाही. त्याच्या स्वप्नातही नसलेली उपकरणं घेऊन, त्याला कधी न सुचलेले प्रश्न घेऊन आपण त्याच वस्तूकडे पुन्हा जाऊ शकतो.

आणि फोटोंचं म्हणाल, तर मधल्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेली छायाचित्रं तपासाअंती साध्या ठिपकेदार पिंगळ्याची निघाली. फोटो होते, पण ओळख चुकली होती. रासमुसेन यांनी आधी सगळ्या कातड्या शेजारी ठेवून फरक नक्की केले: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर ठळक रुंद पट्टे, पोट पांढरं, पायाच्या बोटांवर दाट पिसं. मांडवीची नोंद बाद केली आणि खऱ्या लेबलांवरच्या गावांची यादी घेऊन त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी काही हाती लागलं नाही. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, पक्षी समोर दिसला. 113 वर्षांनी! आज मेळघाट, यावल, तानसा इथे त्याच्यावर जे काम झालं आणि चाललं आहे, त्याची सुरुवात परदेशातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या त्या सात कातड्यांपासून झाली आहे.

हे नमुने ब्रिटन-अमेरिकेत का, असं तुम्ही विचारता. रास्त प्रश्न आहे. आपल्या शहाद्याचा पक्षी ओळखायला शेवटी परदेशातली कपाटं उघडावी लागली, याचं मलाही वाईट वाटतं. पण यावर उपाय म्हणून आपल्याकडे जे आहे तेही फेकून द्यायचं, हे पटत नाही. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे, सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, पुण्यात आघारकर संस्थेचं आणि बोटॅनिकल सर्व्हेचं हर्बेरियम आहे, आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे. हे आपलं आहे. 26 एप्रिल 2016 ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय जळालं. 2018 च्या सप्टेंबरात रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळून लाखो नमुने गेले. जे राख झालं ते कुठल्याही निधीतून पुन्हा उभं राहत नाही.

मारण्याच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय संरक्षित प्राणी मारणं-पकडणं बंद केलं, ते योग्यच झालं. अरुणाचलात ईगलनेस्टला रमण अत्रेय यांना बुगुन लिओचिक्ला हा नवा पक्षी सापडला. 2006 मध्ये त्याचं वर्णन करताना पक्षी न मारता पिसं, छायाचित्रं, मापं आणि आवाज यांचा आधार घेतला गेला, कारण संख्या फारच थोडी होती. तो निर्णय मला मनापासून आदरणीय वाटतो. पण जपून ठेवलेली ती पिसं हाही नमुनाच आहे. रस्त्यावर गाडीखाली आलेला साप, काचेवर आपटून मेलेला खंड्या, पतंगाच्या मांज्याने गेलेलं घुबड, यांतून आज रीतसर परवानगी घेऊन उत्तम नमुने तयार होऊ शकतात. आणि जो पक्षी 1880 मध्ये मारला गेला, त्याची कातडी कचऱ्यात टाकल्याने तो काही जिवंत होणार नाही.

जुन्या लोकांचे हेतू चांगले नव्हते, हे बऱ्याचदा खरं आहे. ब्रिटनमध्ये हौसेखातर पक्ष्यांची अंडी पळवणारे लोक होते. त्यांच्याच पेट्यांतली ससाण्याची अंडी मोजून डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये दाखवलं की 1940 च्या दशकाच्या शेवटापासून कवच पातळ होत गेलं आहे. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यातला तो मोठा दुवा ठरला. शिकागोच्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यातल्या हजाराहून अधिक कातड्यांच्या पिसांवरची काजळी मोजली आणि 135 वर्षांतल्या हवेच्या प्रदूषणाचा आलेख काढला. पक्षी गोळा करणाऱ्याला काजळीशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्या सह्याद्रीतलं उदाहरण हवं असेल तर हबार्डिया हे छोटंसं गवत घ्या. ते जोगच्या धबधब्याजवळ 1919 मध्ये गोळा झालं आणि हर्बेरियमच्या कागदावर तीसेक वर्षं पडून राहिल्यावर त्याला नाव मिळालं. पुढे ते नामशेष झालं असं मानलं गेलं आणि मग कोल्हापूरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तिळारीच्या घाटात ते जिवंत सापडलं. तो कागद नसता, तर तिळारीत जे दिसलं ते काय आहे हे कोणाला कळलं असतं?

आता शिक्षणाबद्दल. विदा हाताळणं शिकवायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण ती विदा येते कुठून? डीएनएच्या जागतिक साठ्यात चुकीच्या नावाने चढवलेले डीएनए-क्रम (सिक्वेन्स) आहेत, हे तुम्हीही जाणता. ज्या क्रमामागे जपलेला नमुना आहे, तिथे जाऊन चूक दुरुस्त करता येते. जिथे नमुना नाही, तिथे चूक तशीच राहते. लेबल नसलेला नमुना म्हणजे सातबारा नसलेली जमीन, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, अधिवास. हे लिहायची सवय ड्रॉवरसमोर बसूनच लागते.

शिवाय एकाच जातीचे वीस नमुने ओळीने मांडले की मुलांना जे दिसतं ते कुठल्याच क्षेत्र-पुस्तिकेत दिसत नाही. नर-मादी, पिल्लू-प्रौढ, झिजलेली पिसं, नवी पिसं, कोकणातला गडद आणि विदर्भातला फिका. ‘जात’ ही काही एका चित्राएवढी नेमकी गोष्ट नसते, हे तिथे डोळ्यांनी कळतं. सालीम अलीसुद्धा 1929 मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली हेच शिकायला गेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन थांबवल्यापासून प्राणिशास्त्राचे कितीतरी विद्यार्थी एकही प्राणी नीट हातात न घेता पदवीधर होतात. कोणालाही न मारता ही उणीव भरून काढणारे नमुने जर कुठे असतील, तर ते याच जुन्या कपाटांत आहेत.

तुमच्या महाविद्यालयातल्या बरण्यांचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. घाई करू नका. आधी प्रत्येक लेबलचा, मागच्या बाजूसकट, फोटो काढा. शाई पुसट असेल तर आजच काढा. जिथे अल्कोहोल आटलं आहे तिथे ते भरून घ्या, लेबल बरणीच्या आतच राहू द्या. पक्ष्यांच्या जुन्या कातड्यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नका, त्यांना आर्सेनिक लावलेलं असतं. जुन्या हर्बेरियमच्या कागदांवर पाऱ्याचा क्षार असतो, तिथेही तीच काळजी घ्या. लेबलच नाही असे नमुने वेगळे काढा, ते वर्गात हाताळायला चालतील. ज्यांवर गाव आणि तारीख आहे ते मात्र तुम्हाला सांभाळता येणार नसतील, तर प्राण्यांसाठी आकुर्डीच्या केंद्राला आणि वनस्पतींसाठी पुण्याच्या हर्बेरियमला लिहा. यादी करायला माणसं हवी असतील तर मी दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन यायला तयार आहे. पावसाळ्याआधी करू, नाहीतर बुरशी आपल्या आधी पोहोचेल.