‘सिटी इयर’मधील सेवा आणि फीमाफी : खुलासा

अमेरिकेत ‘सिटी इयर’ या सेवाभावी संस्थेमार्फत शहरातील शाळांमध्ये वर्षभर शिकवले की विद्यापीठाची सगळी फी माफ होते आणि आपल्याकडून शिकायला गेलेल्या मुलांनाही ही संधी मिळते, असे सांगणारा मजकूर पालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून कर्जाचा हिशेब मांडणाऱ्या कुटुंबांचे नुकसान होऊ शकते, म्हणून हा खुलासा.

१९८८ मध्ये बॉस्टन येथे सुरू झालेली ही संस्था ‘अमेरिकॉर्प्स’ या राष्ट्रीय सेवा योजनेचा भाग आहे. योजनेत केवळ अमेरिकेचे नागरिक व कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड असलेल्यांनाच घेतले जाते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना नाही.

फीमाफीही होत नाही. सेवाकाळात साधा निर्वाहभत्ता मिळतो आणि ठरलेले तास पूर्ण केल्यावर शिक्षणासाठी एक ठरावीक रक्कम. पूर्ण वेळ सेवेसाठी ही रक्कम ‘पेल ग्रांट’ या सरकारी शैक्षणिक अनुदानाच्या कमाल मर्यादेइतकी असते. २०२४-२५ मध्ये ती मर्यादा ७,३९५ डॉलर होती. तेथील बहुतेक विद्यापीठांच्या फीपुढे ही रक्कम अपुरी आहे, शिवाय तिच्यावर प्राप्तिकरही लागतो.

‘सिटी इयर’मध्ये सेवा करणारे तरुण शिक्षकांच्या जागी नेमले जात नाहीत. सेवेकऱ्याने पगारी कर्मचाऱ्याला हटवू नये, अशी कायद्यातच तरतूद आहे. लाल जाकीट घालून सकाळी दारात मुलांचे नाव घेऊन स्वागत करणे, वर्गात मागे पडलेल्या दोघाचौघांना घेऊन गणित किंवा वाचन पक्के करून घेणे आणि गैरहजेरी वाढलेल्या मुलांकडे लक्ष ठेवणे, हे त्यांचे काम आहे, आणि ते मोलाचे आहे.