नो-कोड संपणार म्हणणाऱ्यांना उत्तर

नो-कोड म्हणजे कोड न लिहिता, स्क्रीनवर तयार घटक जोडून आणि नियम भरून सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. तिच्याविरुद्ध सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘नो-कोड हे मार्केटिंगवाल्यांनी काढलेलं नवं खूळ आहे. त्यातून खेळणी बनतात, खरं सॉफ्टवेअर नाही. एकदा त्यात अडकलात की सुटका नाही. आणि आता एआयच कोड लिहायला लागलंय म्हटल्यावर हा प्रकार दोन-तीन वर्षांत गुंडाळला जाणार.’ पुढे पाठवणाऱ्यांत अनुभवी प्रोग्रामरही आहेत, म्हणून याकडे काणाडोळा करणं बरं नाही. चारपैकी एका मुद्द्यात दम आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे.

‘हे नवं खूळ आहे.’

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क, म्हणजे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट, ॲपल टू या कॉम्प्युटरवर आलं. एका चौकटीतला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलायचे. त्या चौकटींत सूत्रं भरणारा हिशेबनीस प्रोग्रामच लिहीत होता, फक्त त्याला कुणी प्रोग्रामर म्हणत नव्हतं. १९८७ मध्ये बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड आलं, ज्यात पडद्यावरची कार्डं जोडून छोटे प्रोग्राम बनवता यायचे; १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे नोंदींचे तक्ते सांभाळणारं साधन. फोर्थ जनरेशन लँग्वेज, म्हणजे थोड्या ओळींत जास्त काम सांगता येणाऱ्या भाषा, यांचा गाजावाजाही त्याच काळातला. हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये थांबली, फोर्थ जनरेशन हे नाव आता फारसं कानावर येत नाही. ‘लो-कोड’ (अगदी थोडा कोड लिहून काम भागवणं) हा शब्द तर फॉरेस्टर या बाजार-संशोधन संस्थेने २०१४ मध्ये वापरात आणला.

नावं येतात आणि जातात, हे मला मान्यच आहे. ‘नो-कोड’ हे लेबल आणखी दहा वर्षांनी दिसेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्याला कामाची नड आहे त्याने प्रोग्रामरची वाट न बघता स्वतःचं साधन उभं करायचं, ही गोष्ट चाळीसहून अधिक वर्षं अखंड चालू आहे. तिला खूळ म्हणायचं तर खुद्द पर्सनल कॉम्प्युटरलाही खूळच म्हणावं लागेल.

‘यातून खेळणी बनतात.’

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण तो सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो आणि वस्तुस्थितीपासून सर्वांत लांब आहे.

मानवी जनुकांपैकी एकाचं छोटं नाव ‘मार्च१’ असं होतं. ते एक्सेलमध्ये टाइप केलं की एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करून टाकायचं. ‘सेप्ट१’चंही तेच, त्याचा १ सप्टेंबर व्हायचा. छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही या चुका सापडल्या. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नियमावली सुधारताना अशा जनुकांची नावंच बदलली: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’. ज्याच्यासाठी एका विज्ञानशाखेला आपली परिभाषा बदलावी लागली, त्याला खेळणं कसं म्हणायचं?

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा आणि जास्त गंभीर. ब्रिटनमध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला गेला. त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. ‘बघा, म्हणून हे वापरू नये’ असं सांगायला हा दाखला दिला जातो. मी त्यातून वेगळं वाचतो. इतकं वजनदार काम या साधनांवर चालतं, म्हणून त्यांना खेळणी समजून मोकाट सोडणं धोक्याचं आहे. मर्यादा तपासणं, चाचणी घेणं, दुसऱ्याच्या नजरेखालून घालणं ही शिस्त कोडला लागते तशीच इथेही लागते.

‘अडकलात की सुटका नाही.’

हा तो दम असलेला मुद्दा. गूगलने ॲप मेकर हे आपलं ॲप्स बनवायचं साधन २०२१च्या जानेवारीत बंद केलं. त्यावर बनवलेली ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नव्हती, ती नव्याने बांधावी लागणार होती. बबल या नो-कोड साधनावर केलेलं ॲप कोडच्या रूपात बाहेर काढता येत नाही. वेबफ्लो या वेबसाइट बनवायच्या साधनातून मात्र पानांचं एचटीएमएल आणि सीएसएस, म्हणजे पानांचा मजकूर आणि रूप ठरवणारा कोड, काढता येतो. हा फरक काम सुरू करण्याआधी बघायचा असतो, आणि बहुतेक जण बघत नाहीत.

मात्र यावरून ‘म्हणून हे लवकरच जाणार’ असं निघत नाही. कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा १९५९-६० च्या सुमाराला आली आणि बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात, कारण तिथून बाहेर पडणं महाग आणि जोखमीचं आहे. जिच्यातून बाहेर पडणं अवघड, ती गोष्ट उलट वर्षानुवर्षं राहते.

‘एआय आलं, आता याचं काय काम?’

२०२५च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रेज कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ (एआयला साध्या भाषेत सांगून, कोड न तपासता प्रोग्राम करवून घेणं) हा शब्द काढला आणि ही चर्चा पेटली. माउसने घटक ओढून पानं मांडण्याचं बरंचसं काम एआय घेईल, यात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्याला कोड वाचता येत नाही त्याच्या हातात एआयने हजारो ओळी ठेवल्या, तर त्या बरोबर आहेत की नाहीत हे तो कसं ठरवणार?

सभेच्या खोलीचं बुकिंग घ्या. एकाला दहा ते अकरा हवी, दुसऱ्याला अकरा ते बारा. या दोन वेळा एकमेकांवर येतात का? मधे आवराआवरीला वेळ ठेवायचा का? दर सोमवारचं बुकिंग असलेल्याने एकच सोमवार रद्द केला तर बाकीच्यांचं काय? दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर खोली कुणाची? शेवटचा प्रश्न तांत्रिक आहे, तो प्लॅटफॉर्मने किंवा प्रोग्रामरने सोडवावा. आधीच्या तिन्हींची उत्तरं एआयकडे नसतात, ती खोली रोज सांभाळणाऱ्या माणसाकडे असतात. ‘दोन बुकिंगमध्ये किमान पंधरा मिनिटं’ हा नियम त्याला स्क्रीनवर एका ओळीत दिसला, तर तो वाचू शकतो, चुकला असेल तर ओळखू शकतो, उद्या वीस मिनिटं करू शकतो. तोच नियम चार फाइलींत विखुरला असेल, तर प्रत्येक बदलासाठी त्याला पुन्हा एआयला विनवावं लागतं आणि त्या भानगडीत दुसरं काही मोडलं तर ते कळतही नाही. एआयने कोडऐवजी असे तक्ते आणि नियम मांडून द्यावेत, या दिशेने काही नो-कोड साधनांनी कामाला सुरुवातही केली आहे.