सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या गेटला वीट लावणाऱ्यांनो, जरा ऐका

त्या गेटला स्प्रिंगची बिजागरी कशासाठी बसवलीय? हात सोडला की गेट आपोआप बंद व्हावं म्हणून. आणि तुम्ही त्याखाली वीट सरकवून ते दिवसभर सताड उघडं ठेवता! का, तर 'सारखं उघडायचा वैताग येतो'. अहो, तो वैताग यावा म्हणूनच तर ते बसवलंय!

नाशिकचा गंगापूर रोड घ्या नाहीतर पाथर्डी फाटा, नव्या सोसायटीच्या माहितीपत्रकात पूल अर्धं पान आणि भोवतीचं कुंपण शोभेपुरतं. कुंपण किमान ४ फूट हवं, गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी. आडव्या पट्ट्या नकोत, तीन वर्षांच्या पोराला ती शिडीच. गेट पूलच्या बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी पाचेक फुटांवर. एवढं सगळं करून कुंपणाला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवतात आपले लोक. चढा रे बाळांनो!

वर पाटी: 'मुलांची जबाबदारी पालकांची'. झालं, कमिटी मोकळी.

पालकांचंही काय सांगायचं? काठावर दहा मोठी माणसं, दहाही मोबाईलमध्ये, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं पोर ओरडत नाही हो. तोंड पाण्याखाली जात असतं, ओरडायला श्वास कुठून आणणार? लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. एकाने पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी घ्यायची, फोन दुसऱ्याकडे द्यायचा. पोहता न येणारं पोर असेल तर मोठ्याने पाण्यातच, हात लांबवला की धरता येईल इतक्या जवळ. दंडातले फुगे हा भरवसा नव्हे, हात वर झाले की सटकतात. कमरेची ट्यूब उलटली तर डोकं खाली, पाय वर.

पाणी गढूळ असेल, तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर त्या दिवशी पूल बंद. जाळी तुटलेली किंवा तिचा स्क्रू गायब असेल तरी बंद. पंप त्या जाळीतूनच पाणी ओढतो, त्या ओढीने केस अडकतात, पोर तळालाच धरलं जातं. पंप बंद करायचं बटण कुठे आहे, कुणाला ठाऊक आहे का?

दिंडोरी-निफाडकडे सुट्टीला पाहुणे बोलावणाऱ्यांची तऱ्हा वेगळीच. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालतील, पण भोवती तारेची जाळी नाही. त्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून पोहणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, पाय टेकला की घसरतो. चारही बाजूंना खांबाला बांधलेल्या, गाठी मारलेल्या दोऱ्या पाण्यापर्यंत सोडायला काय जातं तुमचं? आत हवा भरलेल्या दोन-चार ट्यूब टाका. द्राक्षबागेच्या तारा-अँगलला लाखो रुपये घालता ना?

आणि कुणाला बाहेर काढलंच, तर कृपा करून त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पोराची छाती एक-तृतीयांश, मोठ्याची ५-६ सेंटीमीटर खाली जाईल असे, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. १०८ ला फोन दुसऱ्याने लावायचा. एकटेच असाल तर आधी मिनिटभर हे करा, मग फोन.

सोसायटीच्या वॉचमनला यातलं काही शिकवलंय? नाही. कुणाच्या गाडीवर स्टिकर नाही, ते मात्र त्याला तोंडपाठ!